कव्हरवरच्या बाईचे खांदे

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. विहारात रविवारी आम्ही बायका बसतो, तिथे एकेकीच्या मनातलं बरंच निघतं — माझं हे निघालं नाही. मी तशीही कमी बोलणारी. त्यामुळे हिच्या पोटात काही असेल असं कोणाला वाटलंही नाही. चौथी शिकलेली, पोळ्या करणारी बाई. हिच्याजवळ लपवायला काय असणार?

आहे. म्हणून लिहायला बसले. वाचणारं कोणी असेल तर तिला मी मैत्रीण समजते. आणि मैत्रिणीला सांगताना आपण मुख्य गोष्ट सोडून आधी दुसरंच सांगत बसतो ना — तसं माझंही होणार. होऊ द्या.

आधी माझे खांदे सांगते.

लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हा बारीक होते. मग शहराबाहेर उरला भागातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागले. लोखंडाचं काम. शिफ्ट सुटली की माणसं डोळ्यांपर्यंत काळी होऊन यायची आणि ताटावर बसायची. त्यांच्या पोळ्या आम्ही तिघी करायचो. परात एवढी मोठी की कणीक गुडघ्यावर बसून तिंबावी लागे. पिठाची गोणीही आम्हीच ओढायची. वर्षं गेली, आणि खांदे रुंद झाले, दंड भरले. उजव्या हातावर मोठ्या तव्याची कड लागून एक लांब डाग पडला, तो राहिलाच. माझी नणंद शीला मला हसून "पहिलवान वहिनी" म्हणायची. सगळे हसायचे. मीही हसायचे — आणि घरी येऊन पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचे. तेव्हापासून मी तसाच पदर घेते. फोटोत मागच्या ओळीत उभी राहते, थोडी वाकून.

आता प्रज्ञा. माझी एकुलती पोरगी. तिचे बाबा भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमध्ये होते. तिथून रद्दीतल्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ही चित्रं काढायची. बाबा गेले, ती काढतच राहिली. कॉलेज केलं, कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकली, आणि शहरातल्या एका लहानशा कंपनीत लागली. मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर खेळायचे गेम ते लोक बनवायचे. पाच-सात पोरं आणि त्यांचे मालक, नीरज भैया. प्रज्ञाचं काम चित्राचं. मला आधी कळेचना की खेळात चित्र कशाला. तिनं समजावलं — पुस्तकाला जसं कव्हर, तसं गेमलाही असतं. माणूस आधी ते बघतो. आवडलं तर गेम घेतो.

एका रविवारी ती पिशवीभर जुन्या सीडींचे डबे घेऊन आली. ब्राह्मणपाऱ्यातलं एक दुकान बंद होत होतं, त्यांनी ते असेच देऊन टाकले होते. तिनं सगळे डबे फरशीवर मांडले, जसे आपण पापड वाळत घालतो, आणि मला म्हणाली, "आई, बैठ. अब देख."

मी पाहिलं. डब्यांवर लढाया होत्या, आगी होत्या, राक्षस होते. पुरुष समोर. बाई असली तर त्याच्या मागे, त्याच्या खांद्याआडून बघणारी. मी पाहत गेले आणि मला एक दिसलं.

"ह्या बुवाले त मानेपर्यंत लोखंड घातलं हाय," मी म्हटलं, "अन् हिचं पोट उघडं. लढाईत पोटालेच त आधी लागते. हिले काहून नाही दिलं?"

प्रज्ञा मोठ्यानं हसली. "यही तो मैं ऑफिस में बोलती हूँ आई. कोई सुनता नहीं."

मग तिनं एक डबा उचलला. त्यावरची बाई अशी उभी होती की तिची छाती पण समोर आणि पाठ पण समोर. प्रज्ञा म्हणाली, "तू ऐसे खड़ी होके दिखा."

"काहून वं, मले काय नाचायचं हाय?"

तरी उभी राहिले. कंबर एकीकडे फिरवली, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे — आणि कमरेत असा चमका भरला की मी पलंग धरून खाली बसले. आम्ही दोघी हसून हसून रडलो. ती माझी कंबर चोळत म्हणाली, "देखा? ऐसी औरत होती ही नहीं. हड्डी टूट जाएगी."

पण खरं सांगू? मला त्या डब्यांवरच्या बायका आवडल्या. उघड्या पोटाच्याही. त्या कोणाला लाजत नव्हत्या. एक होती, गुहेच्या तोंडाशी मशाल घेऊन उभी, पाठमोरी, अंगभर जाड कपडे. तोंड दिसत नव्हतं. पण ती आत जाणार, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. तो डबा मी देवळीत ठेवून दिला. पाठीवरून एवढं सांगता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. काढणाऱ्याच्या हाताचं मला फार नवल वाटलं — आणि माझी पोरगी तेच काम करते, ह्याचंही.

मग कंपनीनं एक नवा गेम बनवायला घेतला. जंगलातल्या एका गावाची राखण करणारी बाई, अशी त्याची गोष्ट. कव्हर प्रज्ञाकडे आलं. ती घरी येऊन माझ्याकडे बघतच राहिली. मग कोपऱ्यातून जळमटं काढायचा बांबू आणून माझ्या हातात दिला.

"आई, भाला है. खड़ी रह."

पदर कमरेला खोचायला लावला. मी नाही नाही म्हणत होते. ती म्हणाली, पोळ्या करताना खोचतेसच ना. मी वाकून उभी राहिले तर तिनं मागून येऊन माझे दोन्ही खांदे धरले आणि मागे केले. "खांदे सरळ." एवढंच ती मराठीत बोलली. मी तिला लहानपणी अभ्यासाला बसवताना हेच म्हणायचे.

बरेच दिवस संध्याकाळी मी अशी उभी राहिले. हात दुखायचा. ती खाली मान घालून काढायची, मध्येच वर बघायची. माझ्याकडे तसं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. हिणवून नाही, लाडानंही नाही — एखादी चांगली बांधलेली भिंत गवंडी बघतो ना, तसं.

चित्र झालं, तिनं मला दाखवलं. काय सांगू तुम्हाला. काळीसावळी बाई, माझ्याच वयाची. हातात भाला, मागे झाडं, झाडांत गावातले दिवे. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले. पदर कमरेला. आणि खांदे — दारासारखे. त्या खांद्यांच्या पलीकडे कोणी जाऊ शकणार नाही, असे. उजव्या हातावर तव्याचा डाग. तो तिनं लढाईतल्या जखमेसारखा काढला होता. चेहरा थोडा वेगळा होता, पण ती मीच होते. नव्हे — मी कधी होऊ शकले नाही ती.

मला आनंद झाला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला ते चित्र आवडलं नव्हतं. ती कामाला गेली की मी टेबल पुसायच्या निमित्तानं कॉम्प्युटरपाशी जायचे. तिनं मला दाखवून ठेवलं होतं कुठे दाबायचं ते. मी दाबायचे आणि बघायचे. चित्रातल्या त्या बाईच्या मागे जाऊन उभं राहावं असं वाटायचं.

मग शीला आली.

ती वाईट बाई नाही. हसायची सवय आहे तिला. प्रज्ञानं मोठ्या हौशीनं आत्याला चित्र दाखवलं. शीला आधी वाकून बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना.

"अवो वहिनी, हे त तुमीच हाय. ते हात पाहा ना, पोळ्या लाटाचे."

"आत्या, मज़ाक मत करो," प्रज्ञा म्हणाली.

"मजाक कायचा? आता गावभरचे पोट्टे हिले मोबाइलवर अंगठ्यानं पळवतीन. इकडे पळ वहिनी, तिकडे उडी मार वहिनी."

मीही हसले. चहा दिला. ती गेली. पण तो अंगठा माझ्या डोक्यातून गेला नाही. चौकात पोरं बसलेली असतात ना, मान खाली, अंगठे चालूच — त्यांच्या हातात मी? माझे हे दंड, माझी ही खोचलेली साडी? जे मी वीस-पंचवीस वर्षं पदराखाली ठेवलं, ते सगळ्या बाजाराच्या हातात? मी त्यानंतर टेबल पुसायला गेले नाही. चित्र दिसलं की मला शीलाचं हसू ऐकू यायचं. प्रज्ञाला सांगायला हवं होतं — बाई, मला लाज वाटते, डाग काढ, तोंड बदल. तिनं ऐकलं असतं. निदान भांडली असती. मी काहीच बोलले नाही. मी कधी बोलते?

मध्येच उठून चहा ठेवून आले. लांबवतेय, कळतंय मला.

चित्र कंपनीत दिल्यावर प्रज्ञाला ताप आला. जागरणं झाली होती. दुपारी औषध घेऊन ती झोपली, तिचा मोबाइल बंद होता. माझा वाजला. नीरज भैया.

"आंटी जी, प्रज्ञा का फोन बंद आ रहा है. उससे बस इतना पूछ दीजिए — पैसा लगाने वाले कह रहे हैं, औरत भारी लग रही है. थोड़ी पतली करनी पड़ेगी, कपड़े भी बदलेंगे. यहाँ का लड़का कर देगा. पर उसकी बनाई चीज़ है, बिना पूछे मैं हाथ नहीं लगाऊँगा. शाम को छपने जाएगा."

मी म्हटलं, थांबा, विचारते.

आतल्या खोलीच्या दारात गेले. प्रज्ञा कुशीवर झोपली होती, कपाळावर मी ठेवलेली ओली पट्टी. ताप होता, हे खरं. पण हलवलं असतं तर ती उठली असती. चित्राचं नाव काढलं असतं तर उडीच मारून उठली असती. मी तिला हात लावला नाही. विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ फक्त उभी राहिले. आणि परत येऊन म्हटलं —

"पूछ लिया भैया. वो हव बोली. कर दो."

हेच ते. एवढंच आहे. लिहून झाल्यावर किती लहान दिसतं.

नाही, एवढंच नाही. फोन ठेवल्यावर मी तो कॉल पुसून टाकला. जुने कॉल कसे पुसायचे, हे प्रज्ञानंच मला शिकवलं होतं. म्हणजे मी घाबरून पटकन बोलून गेले, असंही म्हणता येत नाही. घाबरलेल्या माणसाला पुसायचं सुचत नाही.

ताप उतरल्यावर ती कामावर गेली. भिंतीवर मोठा छापील कागद लागला होता. संध्याकाळी तिनं त्याचा फोटो मला दाखवला. बाई गोरी झाली होती. कंबर मुठीत मावेल एवढी. पोट उघडं. भाला असा धरलेला, जणू कोणी हातात फूल दिलंय. आणि उभी कशी होती माहीत आहे? छाती पण समोर, पाठ पण समोर. तशीच, जसं उभं राहून माझ्या कमरेत चमका भरला होता. खांदे नव्हतेच. फक्त उजव्या हातावरचा डाग पुसायचा राहून गेला होता. त्या गोऱ्या, काडीसारख्या हातावर माझ्या तव्याचा डाग.

"नीरज भैया कहते हैं, उन्होंने घर पे फोन किया था," ती म्हणाली. "आई, फोन आला होता का?"

ती माझ्याशी मराठीत बोलली. ती तशी क्वचित बोलते. माझ्या डोळ्यांत बघत होती.

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. पिशवीत तिच्या पेन्सिली, पाण्याची बाटली, डबा. डबा उघडलेलाही नव्हता. सगळ्यांसमोर तिनं नीरज भैयाला खोटारडा म्हटलं होतं. मग जे झालं ते तिनं मला पाणी पिता पिता सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. "उसने अपना मोबाइल आगे किया, आई, कि ये देख, कॉल है. मैंने देखा ही नहीं. मैंने बोला, मेरी आई झूठ नहीं बोलती. वो चुप हो गया."

त्याच्या हातात मोबाइल होता, त्यात माझा नंबर होता. पोरीनं आईचं नाव घेतल्यावर त्यानं हात मागे घेतला. आणि ज्यानं विचारलं होतं, तोच सगळ्या पोरांसमोर खोटारडा ठरला.

मी तेव्हा काय केलं? डबा घासायला घेतला.

एकदा नीरज भैया मला गोलबाजारात दिसले. मी मसाला घेत होते. त्यांनी हात जोडले. "नमस्ते आंटी जी. प्रज्ञा ठीक है?" मी मान हलवली. ते थोडे थांबले. रागात नव्हते. मी काही बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी पदर खांद्यांवरून ओढला आणि गर्दीत शिरले. मसाला दुकानावरच राहिला.

प्रज्ञा मागे पडली नाही, हे सांगितलंच पाहिजे. माझी पोरगी आहे म्हणून नाही सांगत. मधले दिवस वाईट गेले. शाळेच्या पुस्तकांसाठी आंबा, बदक काढत बसली. पण हात सोडला नाही. हळूहळू बाहेरगावच्या कंपन्यांची कामं घरी यायला लागली. आता तिच्या बायका कव्हरवर येतात. म्हाताऱ्या येतात, जाड्या येतात. एक आली, पाठीला पोर बांधलेली, हातात कोयता. तिच्याकडे बघून मला वाटलं, ही पोराला खाली ठेवणार नाही आणि कोयताही ठेवणार नाही. कोणाच्या आडून बघत नाहीत तिच्या बायका. त्यांच्या पोटाला लोखंड असतं. मी एकेकीकडे बघत बसते. माझ्या पोटची पोर हे करते, आणि मी पोळ्या लाटत तिच्याच घरात राहते — एवढं सुख मला मिळालं.

रविवारी तिच्याकडे आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुली चित्र शिकायला येतात. त्यांना ती ती गोष्ट सांगते. कंपनीनं न विचारता तिची बाई कशी बदलली, मालक कसा तोंडावर खोटं बोलला, आणि ती कशी निघून आली. मुली डोळे मोठे करून ऐकतात. दर वेळी नीरज भैया थोडे जास्त वाईट होतात. मी चहा घेऊन येते. ती माझ्याकडे बोट करून म्हणते, "मेरी आई से पूछ लो." मुली माझ्याकडे बघतात. मी कप मांडते.

परवा तिला नवं काम आलं. मोठं आहे, ती खुशीत आहे. सही करायच्या आधी तिनं त्या लोकांकडून लिहून घेतलं की तिला विचारल्याशिवाय चित्राला कोणी हात लावायचा नाही. ते मला वाचून दाखवलं. "उस बार से सीख लिया," म्हणाली. मग कोपऱ्यातून बांबू आणला. तोच बांबू आहे अजून.

मी उभी राहिले. आता हात लवकर दुखतो. ती काढत होती, मी खिडकीकडे बघत होते. उजव्या हातापाशी आली तेव्हा तिची पेन्सिल थांबली. ती उठली, जवळ आली आणि डागावरून एक बोट फिरवलं.

"बस यही एक चीज़ बची थी तेरी, उस वाले में," ती म्हणाली. "बाकी सब बिना पूछे ले गए."

मी बांबू घट्ट धरला.

"आई, वाकली तू. खांदे सरळ."

मी खांदे सरळ केले. ती परत काढायला बसली.

त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं.